तिकीट कुणाला, पैसा कुणाचा?

उंब्रजच्या स्टँडवर कराडच्या एसटीची वाट बघत तुम्ही कितीतरी वेळा उभे राहिला असाल. एका अंगाला हायवे, चाफळकडे जाणारा फाटा, आणि गावाच्या कुशीत तारळी येऊन कृष्णेला मिळते. अर्ध्या तासात कराड. तिथं उतरलात की कुणी यशवंतराव चव्हाण सायन्सला, कुणी वेणूताई चव्हाण कॉलेजला. म्हणजे ही दोन नावं तुमच्यापैकी अनेकांच्या गळ्यात, आयकार्डावर, रोज लटकत असतात. जयंतीला हार घालतो, पुण्यतिथीला प्रीतिसंगमावर जातो, एक सेल्फी होतो आणि विषय संपतो.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही पहिलं मतदान केलं असेल, तर एक गोष्ट तुमच्या कानावर नक्की आली असणार. उमेदवार कोण, याच्या आधी लोक विचारतात, की त्याच्याकडे पैसा किती आहे? तिकीट मिळालं की म्हणतात, खर्च करायची ताकद आहे म्हणून मिळालं. मंत्रिमंडळ झालं की विचारतात, आपल्या जिल्ह्याला किती आली, कोणत्या जातीला किती, कोणत्या गटाला किती. या दोन प्रश्नांची मुळं शोधायला गेलात, तर वाट पुन्हा कराडलाच येते. ज्या माणसानं मराठी राज्याचं पहिलं मंत्रिमंडळ बनवलं आणि पक्षाची सत्ता मुंबईच्या पेढीवरून गावच्या उसापर्यंत नेली, तो माणूस इथलाच. म्हणून आज यशवंतरावांची गोष्ट हार-फुलं बाजूला ठेवून, पैसा आणि सत्ता या दोन बाजूंनी सांगायची आहे.

बेलिफाच्या घरातला पोरगा

जन्म १२ मार्च १९१३. गाव देवराष्ट्रे, आज सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा साताराच. देवराष्ट्रे हे आईचं माहेर. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ. यशवंता लहान असतानाच ते गेले. आई विठाबाई, लिहायला-वाचायला न येणारी, हातात तीन-चार लेकरं आणि जमीन म्हणाल तर नावाला. ज्ञानदेव आणि गणपतराव या थोरल्या भावांनी संसार ओढला आणि धाकट्याला शिकवायचं ठरवलं.

आपल्याकडच्या घरांत हे अजूनही चालतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक भाऊ शेतात राहतो म्हणून दुसरा कॉलेजला जातो.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच त्यांना चळवळीचं वेड लागलं. १९३२ साली झेंडावंदन केलं म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिक व्हायच्या वयात येरवड्याचा तुरुंग. पण तिथं आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी अशी माणसं भेटली. समाजवाद काय, मार्क्स काय, गांधी काय, हे सगळं त्या बराकीत ऐकलं आणि वाचलं. बाहेर आले, मॅट्रिक झाले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी.ए. आणि १९४१ ला पुण्यातून वकिली. कराडला पाटी लावली. घरच्यांना वाटलं, आता चार पैसे येतील. ते काही फार आले नाहीत, कारण पुढच्याच वर्षी बेचाळीस उजाडलं.

सदतीसची निवडणूक

बेचाळीसच्या आधी एक छोटी गोष्ट घडली होती आणि आपल्या विषयाची सुरुवात खरी तिथं आहे.

१९३७ साली प्रांतिक कायदेमंडळाची निवडणूक होती. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा किती भरता, मालमत्ता किती, शिक्षण किती, यावर मतदार ठरायचा. साहजिकच उमेदवारही वकील, सावकार, बडे जमीनदार यांच्यातून यायचे. तिकीट ठरवायचं ते पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांनी. तेवीस वर्षांचा, अजून डिग्री हातात नसलेला यशवंता आणि त्याचे मित्र अडून बसले, की सातारा जिल्ह्यातून एक तरी तिकीट शेतकऱ्याच्या घरातल्या तरुणाला द्या. नाव पुढं केलं आत्माराम पाटलांचं. प्रकरण सरदार पटेलांपर्यंत गेलं. काँग्रेसचं तिकीटवाटप आणि निवडणुकीचा निधी, दोन्ही तेव्हा पटेलांच्या हातात. पोरांचा हट्ट त्यांनी मान्य केला.

आता पैशाचं काय? काँग्रेसचं सभासदत्व गांधीजींनी १९२० पासून चार आण्यांवर आणून ठेवलं होतं. पक्ष आपला आहे, हे शेतकऱ्याला वाटावं म्हणून चार आणे. पण त्या चार आण्यांवर निवडणुका लढत नव्हत्या. मोठी रक्कम मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांकडून, व्यापाऱ्यांकडून यायची. साताऱ्याच्या पोरांकडे यातलं काही नव्हतं. होतं ते ओळखीपाळखीचं जाळं, शिकलेली चार पोरं आणि गावोगाव जायची तयारी. आत्माराम पाटील निवडून आले. यशवंतरावांनी यातून एक धडा घेतला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. पैसा शहरात असला तरी मतं गावात आहेत, आणि गावाला आपला माणूस दिला तर गाव उभं राहतं.

बेचाळीसचा हिशेब

बेचाळीसच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सातारा जिल्हा पेटला. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. यशवंतराव भूमिगत झाले. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालेलं. हळद उतरायच्या आत नवरा फरार आणि काही महिन्यांत नव्या नवरीला पोलिसांनी उचललं. गणपतराव तुरुंगात, थोरले ज्ञानदेव आजारपणात गेले. वेणूताईंची तब्येत बिघडली म्हणून यशवंतराव १९४३ मध्ये फलटणला भेटायला गेले आणि तिथंच पकडले गेले.

लक्षात घ्या, त्या घरानं राजकारणात पैसा गुंतवला नव्हता. माणसं गुंतवली होती.

१९४६ च्या निवडणुकीत दक्षिण साताऱ्यातून ते आमदार झाले आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारात संसदीय चिटणीस म्हणून गृहखात्यात काम करू लागले. १९५२ ला मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री. म्हणजे रेशन, धान्य, दुष्काळ. झगमगाटाचं खातं नव्हे. पण राज्याची कोणती तहसील कुठं आहे आणि कुठल्या जिल्ह्याची पोटाची काय अडचण आहे, हे तिथं कळलं.

तीनशे तेहतीस विरुद्ध एकशे अकरा

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आणि यशवंतरावांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ. मुंबईसह मराठी राज्य हवं म्हणून लोक रस्त्यावर, शंभराहून जास्त माणसं गोळीबारात गेली. आणि १९५५ साली फलटणला यशवंतराव जाहीर बोलले, की महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एकाची निवड करायची तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू. मराठी माणसानं त्यांना फितूर ठरवलं. सभांत दगड, वर्तमानपत्रांत अत्र्यांची लेखणी.

दिल्लीनं तोडगा काढला तो द्विभाषिकाचा. कच्छपासून चांद्यापर्यंत एकच मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून. त्याचा मुख्यमंत्री कोण? मोरारजी बाजूला झाले. काँग्रेस आमदारांत मतदान झालं. एका बाजूला ज्येष्ठ भाऊसाहेब हिरे, दुसऱ्या बाजूला त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव. निकाल ३३३ विरुद्ध १११.

हा निकाल नीट वाचा. मराठी जनतेच्या मनात तेव्हा यशवंतराव नव्हते. गुजरातच्या आमदारांनी, विदर्भानं आणि मोरारजींच्या गटानं त्यांना उचललं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्याचा मुख्यमंत्री झालेल्या माणसाला हे पक्कं माहीत होतं, की आपली खुर्ची आपल्या माणसांनी दिलेली नाही. १९५७ च्या निवडणुकीत ते दिसलंच. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले आणि कराडमध्ये खुद्द मुख्यमंत्री जेमतेम मतांनी वाचले. ३९६ पैकी २३४ जागा मिळून सरकार राहिलं, ते बाकीच्या प्रदेशांच्या जिवावर.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीनं वाटेवर प्रचंड निदर्शनं केली. मुख्यमंत्र्यानं ती दडपली नाहीत. नेहरूंनी काय बघायचं ते पसरणीच्या घाटात बघितलं. पुढं अडीच वर्षांत, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. समितीच्या लोकांच्या रक्तानं झाला, हे खरंच. आणि दिल्लीला आतून पटवणारा माणूस होता, हेही खरं.

मंत्रिमंडळ नावाचं गणित

नव्या राज्याचं मंत्रिमंडळ बनवायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला नकाशा डोळ्यांपुढं आणा. मराठवाड्याचे पाच जिल्हे कालपर्यंत हैदराबादेत. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रांतात, आणि तिथं वेगळ्या विदर्भाची मागणी जोरात. मुंबई शहर, जिथं पैसा सगळा, पण मराठी माणूस भांडवलात कुठंच नाही. कोकण आपल्या कोपऱ्यात. १९५३ साली २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला होता, त्यावर सही करणाऱ्यांत यशवंतराव होते. विदर्भ-मराठवाड्याला निधीत, नोकऱ्यांत, शिक्षणात वाटा द्यायचा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं, असं त्यात ठरलं. दर डिसेंबरला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या तुम्ही बघता, त्याचं मूळ हे.

मंत्र्यांची यादी बघितली की हा करार माणसांच्या रूपात दिसतो. चांद्याचे मारोतराव कन्नमवार, लहानपणी वर्तमानपत्रं विकलेले. पुसदचे वसंतराव नाईक, बंजारा समाजातले. मराठवाड्यातून पुढं येत असलेले शंकरराव चव्हाण. कोकणचे पी. के. सावंत. मुंबईचे शांतिलाल शहा आणि होमी तल्यारखान. पाटणचे बाळासाहेब देसाई, उंब्रजवरून वरच्या अंगाला गेलं की त्यांचाच मुलूख. यशवंतराव दिल्लीला गेल्यावर मुख्यमंत्री झाले कन्नमवार, त्यांच्यानंतर वसंतराव नाईक. म्हणजे विदर्भाचा माणूस बारा-तेरा वर्षं जवळपास सलग राज्याच्या खुर्चीत. पहिल्या यादीत ज्यांना जागा दिली, त्यातूनच हे घडलं.

या पद्धतीला लोक बेरजेचं राजकारण म्हणतात. विरोधकाला हरवत बसण्यापेक्षा आपल्यात घ्यायचं. शेतकरी कामगार पक्षाची मातब्बर माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये आली. आपल्या रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते त्यातलेच. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी ज्या पश्चिम महाराष्ट्रानं झिडकारलं, त्यानंच डोक्यावर घेतलं.

त्या सरकारनं काय केलं, तेही सांगायला हवं, नाहीतर नुसतंच खुर्च्यांचं गणित वाटेल. महार वतन रद्द करण्याचा कायदा १९५८ चा. धर्मांतरित बौद्धांना राज्यात सवलती चालू ठेवल्या. वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरांची फी माफ झाली, ती ई.बी.सी. तुमच्या आजोबांना विचारा. अनेक घरांतला पहिला पदवीधर त्या फॉर्मवर सही करून झाला आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा आणि १ मे १९६२ पासून गावोगाव निवडणुका, सभापती, अध्यक्ष. कलेक्टरच्या हातातली सत्ता काढून गावच्या माणसाला दिली, आणि हजारो नव्या पुढाऱ्यांना बसायला जागा झाली.

यातली दुसरी बाजू पण बघा. बेरीज करताना विरोधी पक्ष वाळत गेला. जिल्हा परिषदेच्या खुर्च्यांवर बहुतेक ठिकाणी गावातली मोठी, जमीनवाली घरंच बसली. मराठा समाजातल्या काही घराण्यांच्या हाती सगळं गेलं, अशी टीका तेव्हापासून होते आणि ती खोटी नाही. बायका तर त्या यादीत हाताच्या बोटांवर. ज्यांच्याकडे आधीच थोडंफार होतं, त्यांच्यापर्यंत सत्ता पोचली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांच्या नशिबी तेव्हाही वाट बघणं आलं.

मुंबईची थैली

आता पैशाकडे येऊ. काँग्रेसची तिजोरी कुठं होती? मुंबईत. आणि तिची किल्ली होती स. का. पाटलांकडे. सावंतवाडीकडचा हा माणूस मुंबई शहराचा अनभिषिक्त राजा म्हणून ओळखला जायचा. मुंबई प्रदेश काँग्रेस ही महाराष्ट्र काँग्रेसपेक्षा वेगळी संस्था होती आणि गंमत म्हणजे आजही वेगळी आहे. शेअरबाजार, कापडबाजार, गिरण्या, कारखाने इथून देशभरच्या काँग्रेससाठी निधी गोळा व्हायचा, तो पाटलांच्या हातून. हेच पाटील मुंबई महाराष्ट्राला द्यायच्या विरोधात होते. म्हणजे राज्याचा मुख्यमंत्री यशवंतराव, पण पक्षाची थैली दुसऱ्याच्या काखेत.

त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयात एक खटला गाजला. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची होती, त्यासाठी कंपनीच्या घटनेत दुरुस्ती हवी होती. १९५७ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून परवानगी दिली, पण निकालपत्रातच धोक्याची घंटा वाजवली. कंपनीच्या पैशानं सरकार वाकू लागलं तर लोकशाही उरणार नाही, संसदेनं यावर विचार करावा, असा त्याचा आशय. मग १९६० ला कायदा बदलला. वर्षाला २५ हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढीच देणगी, आणि ती हिशेबात दाखवायची.

यशवंतरावांनी मुंबईच्या उद्योगपतींशी भांडण काढलं नाही. मराठी राज्यात तुमच्या धंद्याला धक्का लागणार नाही, असा भरवसा त्यांना दिला आणि १९६२ ला औद्योगिक विकास महामंडळ उभं राहिलं. पण या एकाच थैलीवर विसंबून राहायचं नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. सदतीसचा धडा डोक्यात होता.

उसाच्या मोळीतली सत्ता

नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० ला शेतकऱ्यांचा साखर कारखाना चालू करून दाखवला होता. यशवंतरावांच्या सरकारनं ती वाट हायवे केली. सरकार भागभांडवल घालणार, कर्जाला हमी देणार, शेतकरी शेअर घेणार. कृष्णाकाठी रेठऱ्याला कृष्णा कारखाना उभा राहिला, पुढं कराडजवळ यशवंतनगरला सह्याद्री आला. पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडला, पोरं हॉस्टेलला गेली, कारखान्याच्या पैशातून शाळा-कॉलेजं निघाली. तुमच्यातल्या कितीजणांची फी ऊसबिलातून भरली गेली आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

पण कारखाना हा नुसता साखरेचा नव्हता. चेअरमनच्या हातात नोकऱ्या आल्या, वाहतुकीची कंत्राटं आली, कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा वाळवायचा हे आलं. निवडणूक लागली की कारखान्याच्या जीप आणि कामगार प्रचाराला, हे अभ्यासकांनीही लिहून ठेवलं आहे. आता पक्षाला मुंबईच्या शेठजीकडे हात पसरायची गरज कमी झाली, कारण गावातच तिजोरी तयार झाली. ती तिजोरी शेतकऱ्याची होती, पण किल्ली चेअरमनकडे.

यशवंतरावांनी हे जाणूनबुजून निवडणूक निधीचं यंत्र म्हणून काढलं, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. त्यांना गावचा माणूस उभा करायचा होता. पण सहकाराचा पैसा आणि पक्षाचं काम यांच्यात भिंत कोण बांधणार, या प्रश्नाकडे ना त्यांनी पुरेसं लक्ष दिलं, ना त्यांच्या मागून आलेल्यांनी. फळं पुढं दिसली. १९८०-८१ मध्ये बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानला साखर कारखान्यांकडून आणि बिल्डरांकडून देणग्या गेल्या. देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी १९८२ मध्ये जोडला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. कायद्याची लढाई पुढं कित्येक वर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालली. तोवर यशवंतराव राज्याच्या सत्तेपासून फार लांब गेले होते.

दिल्ली, चेक आणि रोकड

१९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी बोलावलं आणि यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री गेला, असं लोक म्हणू लागले. नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले. मग गृह, अर्थ, परराष्ट्र. देशातली चारही मोठी खाती सांभाळली, १९७९ ला काही महिने उपपंतप्रधानही झाले. पंतप्रधानपद मात्र हुकलं ते हुकलंच.

ते गृहमंत्री असतानाच, १९६९ मध्ये, कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी आली. ऐकायला किती छान! पण निवडणुका स्वस्त झाल्या नाहीत, आणि पक्षांना सरकारी निधी द्यायची सोयही केली नाही. मग झालं काय? चेक बंद झाला, बॅगा चालू झाल्या. ते अर्थमंत्री असताना वांच्छू समितीनं १९७१ ला काळ्या पैशावर अहवाल दिला आणि त्यात निवडणुकीचा खर्च आणि काळा पैसा यांचं नातं मांडलं. रोग कागदावर आला, औषध दिलं गेलं नाही. सत्ताधारी पक्षाला स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारायची होती, आणि त्या सरकारातल्या कुणीच ती उचलली नाही. यशवंतरावांनीही नाही.

हा त्यांच्या स्वभावाचाच भाग होता, असं त्यांचे टीकाकार म्हणतात. १९६९ ला राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीत ते संजीव रेड्डींच्या बाजूनं उभे राहिले आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिरा गांधींकडे राहिले. १९७८ ला इंदिरा गांधींपासून वेगळे झाले. त्या साली महाराष्ट्रात दोन काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार केलं, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले आणि चार महिन्यांत ते कोसळलं. शरद पवारांनी पुलोदचं सरकार बनवलं. त्यामागं यशवंतरावांचा हात होता की नव्हता, यावर आजही पैजा लागतात. बेरजेचं गणित शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढं राज्यात पहिल्यांदा फाटाफुटीचं आणि आघाडीचं सरकार आलं. १९८० ला साताऱ्यानं त्यांना निवडून दिलं, पण ते एकटे पडले होते. १९८१ ला इंदिरा काँग्रेसमध्ये परत आले, तेही बरेच महिने दारात ताटकळून. आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. केंद्रानं राज्यांना किती पैसा द्यायचा हे ठरवायचं काम. हिशेबाचं काम, आणि ते त्यांनी नीट केलं.

शेवटचा हिशेब

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर यशवंतराव खचले ते उभे राहिले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांनी डोळे मिटले आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. मागं काय उरलं? पुस्तकं, वेणूताईंच्या नावाचा ट्रस्ट, आणि बँकेत किरकोळ शिल्लक, असं कराडात आजही सांगतात. चार मोठी खाती सांभाळलेल्या, मुंबईच्या धनाढ्यांशी उठबस असलेल्या माणसानं घर भरलं नाही.

इथं तुम्हाला वाटेल, की बघा, प्रामाणिक माणूस आला की सगळं ठीक होतं. तसं नाही. माणूस स्वच्छ राहिला आणि त्याच्या काळात पैशाची वाट मात्र अंधारी होत गेली, ही या गोष्टीतली टोचणी आहे. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९८५ ला, कंपन्यांच्या देणग्या पुन्हा सुरू झाल्या. २०१८ ला निवडणूक रोखे आले, ज्यात देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. छागलांनी सत्तेचाळीसचं स्वातंत्र्य दहा वर्षांचं असताना जे सांगितलं, तिथं आपण सदुसष्ट वर्षांनी परत आलो.

मंत्रिमंडळाचंही तसंच. आता घटनेनंच मर्यादा घातली आहे, विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नाहीत. आपल्या २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. पण त्या ४३ त विदर्भ किती, मराठवाडा किती, बायका किती, भूमिहीन घरातलं कुणी आहे का, हे मोजायचं काम कायदा करत नाही. ते तुमचं.

आणि ते अवघड नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर मोबाइलवर उघडतं. मालमत्ता, कर्ज, खटले, सगळं. वीस हजारांच्या वर देणगी देणाऱ्यांची नावं पक्षांना आयोगाकडे द्यावी लागतात, तीही बघता येतात. कारखान्याचा वार्षिक अहवाल तुमच्या घरात येतो, कारण तुमचे वडील सभासद आहेत. तो रद्दीत जायच्या आत एकदा वाचा. सर्वसाधारण सभेत देणग्यांच्या खात्यावर एक प्रश्न विचारा. फक्त एक.

१९३७ च्या निवडणुकीत तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, की तिकीट आमच्यातल्या माणसाला का नाही? खिशात पैसा नव्हता आणि ओळखही नव्हती, तरी उत्तर मिळालं. पैसा कुणाचा, हा दुसरा प्रश्न त्यानं पुढं सत्तेत असताना पुरेशा जोरात विचारला नाही. तुम्ही आत्ता त्याच वयाचे आहात.